भामरे नाना सीडी लिहितात तेव्हा

सीडी लिहायला सुरुवात झाली की भामरे नाना आधी पंखा बंद करायचे.

जळगावचा मे महिना ज्यांनी अंगावर काढलाय, त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पंख्यानंतर फोनचा रिसीव्हर खाली काढून ठेवला जायचा. मग आम्ही. पुढची वीस-पंचवीस मिनिटं कुणी जागचं उठायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही, ड्रॉवर ओढायचा नाही. शिंक आली तर दाबायची, आणि दाबण्यासारखी नसेल तर निदान आधी सांगायची. एकदा आमचे मालक महाजन भाऊ नेमके त्या वेळी दारात आले. नानांनी तिथूनच हात वर केला. "हालू नका भाऊ, साठ टक्के झालंय." उरलेले चाळीस टक्के भाऊ स्वतःच्याच ऑफिसच्या उंबऱ्यावर उभे होते.

हलण्याने सीडी बिघडत नाही, हे मी नानांना पुस्तक उघडून दाखवलं होतं. नानांनी ते शांतपणे वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पुस्तक लिहिणारा नवी पेठेत कधी आलेला दिसत नाही."

आमचं ऑफिस नवी पेठेत दुसऱ्या मजल्यावर होतं. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भाऊ, नाना व मी असे आम्ही तिघं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नाना मूळचे साक्रीकडचे. धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळण्यात त्यांची हयात गेली होती. पन्नाशीला त्यांनी नोकरी सोडली आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांमध्ये बसून कॉम्प्युटरचा क्लास लावला. त्या पोरांमधली एक मी. परीक्षेत नानांना माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. ते मला अजून आवडलेलं नाही.

क्लास संपल्यावर नानांनी फायली सांभाळायचा स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला नाव दिलं 'कपाट'. कपाटात फोल्डर नव्हते, रुमाल होते. सरकारी रेकॉर्डात कागदांचे गठ्ठे कापडात बांधतात त्यांना रुमाल म्हणतात, आणि नानांच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे उंदीर न लागणारी रेकॉर्ड रूम. एखादी फाइल पुसायला गेलात तर कपाट तीन प्रश्न विचारायचं. नक्की ना? कुणाला विचारलं का? उद्या कुणी मागितली तर? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नसल्यामुळे आमच्या मशीनवर कधी काही पुसलं गेलं नाही आणि जागा कायम शून्याच्या आसपास असायची.

आणखी एक. नवीन फाइल केली की तिच्या नावापुढे कपाट आपोआप 'श्रीगणेश' लावायचं. वहीच्या पहिल्या पानावर श्री काढल्याशिवाय पेन पुढे न सरकवणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. इतकी वर्षं ते डोळ्यांसमोर असून मला ते दिसत नव्हतं, असं म्हणणं जास्त खरं होईल.

बोलताना नाना कचेरीतली शुद्ध मराठी बोलत, पण जीव घाबरा झाला की सरळ अहिराणीवर येत. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करण्याआधी ते पडद्यासमोर वाकून एकदा विचारायचे, "बठ्ठं जागावर शे ना?" म्हणजे, सगळं जागेवर आहे ना? आम्हाला नव्हे, कॉम्प्युटरला विचारायचे. मग उत्तर मिळाल्यासारखी मान हलवून बटण दाबायचे.

भाऊंनी सीडी रायटर आणला आणि हुकूम सोडला की आता कपाटातूनच सीडी लिहिता आली पाहिजे. नानांना ही कल्पना फार आवडली. एकदा लिहिलं की खोडता येत नाही, हा त्यांच्या दृष्टीने सीडीचा दोष नव्हता, शील होतं. त्यांना मोतीबिंदूचा त्रास सुरू झाला होता म्हणून प्रोग्रॅम मी लिहीत होते, आणि ते शेजारी बसून मागण्या मांडत होते. एका मुद्द्यावर आमचं जुंपलं. सीडीवर फाइलचं नाव आठ अक्षरांत बसवायचं, म्हणजे कुठल्याही जुन्या मशीनवर ती उघडते, असा नियम मी वाचला होता. नाना म्हणाले, "पोरी, नावाला कात्री लावू नको. अर्धं नाव म्हणजे कुणाचंच नाव नाही."

"नाना, नियम आहे," मी म्हटलं.

"माणसाचं नाव आधी, नियम नंतर."

मी तोंडाने हो म्हटलं आणि आठ अक्षरांवर कात्री चालवली. तीन फाइली कपाटाबाहेर स्वतः बनवून चाचणी घेतली, तिन्ही सीडीवर नीट उतरल्या. म्हाताऱ्याचे हट्ट किती पुरवायचे, असंच मला वाटत होतं. हे लिहितानाही कान तापतात.

त्यानंतर आठवड्याभराने गावित सर आले. पिंपळनेरकडच्या एका वसतिगृहाच्या शाळेचे मुख्याध्यापक. पहाटेची एस.टी. धरून, धुळ्याला गाडी बदलून, वाटभर मांडीवर सांभाळलेला, गोधडीत गुंडाळलेला शाळेचा कॉम्प्युटर उचलून ते जिना चढून आले तेव्हा बारा वाजायला आले होते. त्यांनी गोधडी सोडली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"नाना, कागद गेले."

मागच्या हिवाळ्यात नाना महिनाभर त्या शाळेत मुक्कामाला होते. शाळा सुरू झाल्यापासूनचे मुलांचे प्रवेश-अर्ज त्यांनी एकेक करून स्कॅन केले होते आणि कपाटात लावले होते. मूळ अर्ज पुन्हा पेटीत गेले होते. आता सरांनी पेटी उघडली तर आत वाळवीची माती निघाली. राहिले ते फक्त कॉम्प्युटरमधले. आणि गेल्या दोन दिवसांपासून त्या कॉम्प्युटरची डिस्क टक-टक आवाज करत होती.

"जून तोंडावर आला," सर म्हणाले. "पोरांच्या जातीच्या दाखल्यांना आजोबाचा अर्ज लागतो. पाड्यावर कुणाकडे दुसरा कागदच नाही. हे गेलं तर मी त्या लोकांना काय दाखवू?"

 नानांचा चेहरा एकदम उतरला होता. त्यांनी डिस्क काढली, घडी केलेल्या वर्तमानपत्रावर ठेवली आणि आमच्या मशीनला जोडली. टक. टक-टक. मग सुरू झाली.

आमच्या मशीनवर जागा नव्हती, ती का नव्हती ते वर सांगितलंच आहे. म्हणजे मरणाऱ्या डिस्कवरून थेट सीडीवर. कोऱ्या सीड्या दोनच होत्या. तिसरी नाशिकहून यायला दोन दिवस लागले असते. आमच्या भागाची लाइट रोज चारला जायची. आणि लिहिताना डिस्क जरा जास्त वेळ अडखळली की सीडी तिथल्या तिथे वाया जाणार, हे गावित सरांना मीच सांगितलं. सांगायला नको होतं. त्यांनी श्वास घेणंही कमी केलं.

पंखा बंद. रिसीव्हर खाली. मी कपाटातली नवी ओळ दाबली, 'सीडीवर लिहा'.

त्या पंचवीस मिनिटांत डिस्क तीनदा अडखळली. प्रत्येक वेळी नाना डोळे मिटून ओठ हलवत होते. माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते. शेवटी ट्रे बाहेर आला. भाऊंनी टाळी वाजवली, गावित सरांनी सीडीला हात जोडले. मी पंखा लावायला उठले.

"मोज," नाना म्हणाले.

मी सीडी परत आत घातली आणि यादी उघडली. यादीत एकच नाव होतं. श्रीगण.

मला कळायला क्षणभर लागला. प्रत्येक अर्जाच्या नावाची सुरुवात श्रीगणेशने. इंग्रजीत SHREEGANESH, त्यातली आठ अक्षरं मोजली की 'श्रीगण' इथे कात्री बसते. सगळ्या पोरांचं नाव एकच झालं होतं. एकाच नावाचे कागद माझा प्रोग्रॅम एकाच्या जागी दुसरा ठेवत गेला, आणि शेवटी उरला तो शेवटच्या वर्षाचा शेवटचा पोरगा.

"नाना, माझं चुकलं," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

भाऊ बोलायला लागले होते, त्यांना नानांनी हातानेच थांबवलं. मी ओरडा खायला तयार होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. नानांनी फक्त डिस्कची वायर काढली, डिस्क पंख्याखाली सरकवली, पंखा लावला आणि घड्याळाकडे पाहिलं. सव्वादोन.

"पूर्ण नावं बसवायला किती वेळ?"

"दोन दिवस तरी." माझा आवाज रडवेला झाला होता.

नाना अहिराणीवर आले. "मंग नावं नको बसाडू. नंबर दे. एक, दोन, तीन. आन् बठ्ठास्ना नावं एक कागदवर लिख, नंबरना पुढे. तो कागदबी सीडीवर टाक." मग माझ्याकडे पाहून आवाज खाली आणला. "रुमालाची सूची अशीच असते, पोरी. आम्ही धुळ्याला हेच करायचो. घाबरू नको, लिही."

मी लिहायला बसले. साधा आकडा दोनदा चुकला. नाना शेजारी बसून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होते. प्रोग्रॅम झाला तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. चाचणीला सीडी नव्हती. होती ती शेवटची.

पंखा पुन्हा बंद. डिस्क जोडली. टक-टक-टक. फिरेना. नानांनी वायर काढून परत लावली. फिरेना. तिसऱ्यांदा ती कण्हल्यासारखी सुरू झाली आणि मी विचार न करता बटण दाबलं.

निम्म्यावर आल्यावर डिस्कला हात लावला तर चटका बसेल इतकी ती तापली. पडद्यावरची पट्टी थांबली. लाल दिवा लुकलुकायला लागला. आणि मग मी जे पाहिलं ते भाऊंना पुढे कितीदा सांगूनही खरं वाटलं नाही. भाऊ तेव्हा डोळे झाकून बसले होते. नाना उठले. सीडी लिहिली जात असताना भामरे नाना खुर्ची धाडकन मागे ढकलून उठले, फायलीचा पुठ्ठा ओढला आणि दोन्ही हातांनी डिस्कला वारा घालायला लागले.

"चाल माय, चाल," ते म्हणत होते. "थोडंच शे. चाल."

पट्टी हलली. नाना वारा घालत राहिले. सदरा अंगाला चिकटला होता, चष्मा नाकावरून घसरला होता, पण हात थांबले नाहीत. मग मीही एक वही घेतली आणि दुसऱ्या बाजूने वारा घालायला लागले. गावित सर उभे राहून गोधडीच्या पदराने. आम्हा तिघांना त्या वेळी कुणी पाहिलं असतं तर ऑफिसाला कुलूप लावलं असतं.

तीन पन्नासला ट्रे बाहेर आला. डिस्कने आणखी दोनदा टक केलं आणि ती बंद पडली. ती पुन्हा कधीच सुरू झाली नाही.

"मोज."

"तेराशे बारा," मी म्हटलं. "आणि एक सूचीचा कागद."

नानांनी तो आकडा खिशातल्या डायरीशी ताडूनही पाहिला नाही. त्यांना तो पाठ होता. "तेराशे बारा," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. गावित सर आता उघडपणे रडत होते. भाऊ चहा सांगायला खाली पळाले.

मी मनातल्या मनात दहादा माफी मागत होते, तेवढ्यात नाना पडद्यावरच्या सूचीवरून नजर फिरवून पुढे वाकले.

"पोरी, एकशेसात उघड बरं. दिसतंय का बघू."

मी उघडला. पिवळा पडलेला अर्ज. विद्यार्थ्याचं नाव देवराम. जन्मतारीख एक जून, त्या काळी मास्तर सगळ्यांचीच लिहायचे ती. बापाच्या नावापुढे 'मयत'. पालक, आई. खाली सहीच्या जागी शाईचा फिकट ठसा, आणि त्याच्या शेजारी मास्तरांच्या अक्षरात 'निशाणी डावा अंगठा'.

देवराम. नानांचं नाव देवराम होतं, हे मला क्लासच्या हजेरीपासून माहीत होतं.

"नाना, तुम्ही आमच्या शाळेतले?" गावित सर म्हणाले. "महिनाभर राहिलात, एका शब्दाने बोलला नाहीत!"

नाना पडद्याकडेच पाहत होते. "हाई मनी माय शे," ते म्हणाले.

अर्जावर अंगठा उठवून, सहा वर्षांच्या पोराला शाळेत सोडून नानांची आई ऊसतोडीला गेली आणि तिकडून आलीच नाही. फोटो नाही. घर नव्हतंच. नानांनी लग्न केलं नाही. आईचं म्हणून या जगात जे काही होतं, ते या अर्जाच्या खालच्या कोपऱ्यात होतं. हिवाळ्यात तो कागद महिनाभर त्यांच्या हाताखाली होता, तरी त्याची साधी झेरॉक्स त्यांनी काढून घेतली नव्हती. का, म्हणून मी विचारलं.

"दुसऱ्याच्या रेकॉर्डातला कागद आपण घरी नेत नसतो," नाना म्हणाले.

 काहीतरी करायचं म्हणून मी माउस पुढे सरकवला. "थांबा नाना, मोठं करून दाखवते."

"मोठं करू नको," नाना म्हणाले. "शे तितलंच ऱ्हाऊ दे."

लाइट जायला चार-पाच मिनिटं होती. तेवढा वेळ नाना त्या अंगठ्याकडे बघत बसले, आणि गावित सरांनी एस.टी.ची घाई केली नाही.