पास्कू सरांच्या पुस्तकाचा बाप्तिस्मा

आमच्या शेजारचे पास्कू सर ई-बुकच्या कंपनीकडून आलेली ईमेल वाचत नाहीत, तपासतात. आधी ती वसई गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणतात, मग ओट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि लाल पेन उघडतात. ‘डिअर ऑथर’ला गोल करून बाजूला लिहितात, ‘नाव लिहावे.’ ‘वुई रिग्रेट’खाली नागमोडी रेघ मारून, ‘खरंच?’ शेवटी मार्क आणि सही. कंपनीला दहापैकी साडेतीनच्या वर मार्क पडलेले मी तरी पाहिले नाहीत.

सरांनी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यांची वाडी आमच्या बिल्डिंगला लागून आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या केळी दिसतात, आणि मी दिसले की सर खालून हाक मारतात, “बाय, मोकळी आहेस?” मी मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन वसईत आले. कॉलेजच्या ऑफिसात नोकरी, त्यामुळे फॉर्म भरण्यात हात बसलेला. ही गोष्ट एकदा बोलता बोलता त्यांना सांगितली, आणि तिथेच मी फसले.

निवृत्तीनंतर सरांनी पुस्तक लिहिलं, ‘सुकेळ्यांच्या गोष्टी’. त्यांची आई केळी सोलून उन्हात वाळवायची, सुकेळी झाली की पानांत बांधायची आणि बांधता बांधता पोरांना गोष्टी सांगायची. सरांनी त्या घरच्या बोलीत, जशाच्या तशा उतरवल्या. पदरमोड करून पुस्तक छापलं, येईल त्या पाहुण्याच्या हातात कोंबलं आणि उरलेले गठ्ठे पलंगाखाली सरकवले. रोझीमावशी, म्हणजे त्यांची बायको, पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. ती तोंडावर सांगते, “झाडू फिरवायला जागा नाय राहिली. आनि कोन वाचनार?”

अशात सरांनी ध्यास घेतला, नाताळच्या आत पुस्तक ई-बुक झालं पाहिजे. आपण पुस्तक दिलं की ते मोबाइलवरच्या दुकानात नेऊन ठेवणारी एक कंपनी त्यांना कुणीतरी सुचवली होती. सर माझ्याकडे आले ते एकच प्रश्न घेऊन.

“त्यात अक्षर मोठं होतं ना?”

“होतं, सर.”

“किती मोठं?”

“हवं तेवढं.”

“एका पानावर चारच शब्द मावतील, एवढं?”

मी मान डोलावली आणि मनात हसले. लेखकाची हौस, दुसरं काय! आपलं नाव भिंतीएवढं झालेलं बघायचं असणार.

फॉर्ममध्ये भाषेचा रकाना आला. यादीत जगातल्या भाषा होत्या, सरांची बोली नव्हती. मी ‘मराठी’वर बोट ठेवलं. सर म्हणाले, “मी फक्त विचारतो, हे खोटं नाही का होत?” ‘मी फक्त विचारतो’ हे त्यांचं पालुपद. ते म्हणाले की समजायचं, अर्धा तास गेला. चौथ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं: पुस्तकाची भाषा ओळखता आली नाही, सबब नाकारत आहोत. सरांनी दोन मार्क दिले. तेही प्रामाणिकपणाचे.

खरं तर कंपनीत माणूस आहे की नुसतंच यंत्र, याचा मला संशय होता. सरांना नव्हता. प्रत्येक मेलखाली ‘टीम’ अशी सही असे आणि सर विचारत, “ही टीम कुठली? आळी कोणती हिची?” वसईत माणसाची आळी कळली की त्याच्या आजोबापर्यंत पोचता येतं. कंपनीला आळी नव्हती, त्यामुळे भांडायचं कुणाशी, हा प्रश्न होता. सरांनी मेल लिहिली: ‘सप्रेम नमस्कार. आपला पत्ता कळवावा, सुकेळी पाठवत आहे. खाऊन पाहिलीत तर भाषा समजेल.’ उत्तर आलं, आम्ही टपालाने हस्तलिखितं स्वीकारत नाही.

‘मराठीची बोली’ असा खुलासा जोडून भाषेचं घोडं कसंबसं पुढे ढकललं, तर मुखपृष्ठावर अडलं. मुखपृष्ठावर सरांच्या आईचा फोटो होता. कंपनी म्हणे, छायाचित्रातल्या व्यक्तीची लेखी संमती जोडा. सरांनी मला विचारलंसुद्धा नाही, परस्पर कळवलं: ‘सदर व्यक्ती आमच्या चर्चच्या दफनभूमीत, चौथ्या रांगेत आहे. सवडीने येऊन विचारावे.’ दुसऱ्यांदा नकार. मी कपाळाला हात लावला, फोटो काढून तिथे केळीचं पान लावलं आणि सरांकडून वचन घेतलं की यापुढे मेल मी पाठवीन.

तिसरी मेल मात्र चेष्टेची नव्हती. हा मजकूर इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहे. तो तुमचाच असल्याचा आधीच्या प्रकाशकाचा पुरावा द्या. ही शेवटची संधी. नाहीतर खातं कायमचं बंद.

झालं होतं असं की सरांनी यातल्या गोष्टी आधी चर्चच्या पत्रिकेत दिल्या होत्या, आणि तिथल्या उत्साही मंडळींनी ती पत्रिका नेटवर चढवली होती. सरांनी कागद हातात घेतला, पण लाल पेन उघडलं नाही. “नाताळला किती दिवस राहिले, बाय?” एवढंच विचारलं. तेव्हा पहिल्यांदा मला त्यांची काळजी वाटली. हौस मोडली म्हणून माणसाचा चेहरा असा उतरत नाही.

आधीचा प्रकाशक म्हणजे पर्यायाने फादरच. आम्ही दोघं चर्चच्या ऑफिसात गेलो. फादर भला माणूस, म्हणाले, “देऊ की दाखला!” पण ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दाखल्यांचे नमुने तीनच: बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू. क्लार्कबाई म्हणाल्या, चौथा नमुना करायचा तर करून देणारा माणूस सुट्टीवर आहे. सरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “मी फक्त विचारतो, बाप्तिस्म्याचा का नाही चालणार?”

मग तो दाखला तयार झाला. मुलाचं नाव: सुकेळ्यांच्या गोष्टी. वडील: पास्कू सर. आईच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या आईचं नाव घातलं. म्हणाले, जन्म तिनेच दिला, मी नुसता वाढवला. धर्ममातेचा, म्हणजे गॉडमदरचा, रकाना रिकामा राहिला तर कॉम्प्युटर पुढे जाईना. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशा रीतीने आमच्या घराण्यातली पहिली धर्ममाता मी झाले. खाली फादरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘सदर मूल आमच्या पत्रिकेत खेळले-बागडले असले तरी ते पास्कू यांचेच आहे.’ त्यावर गोल शिक्का.

मी ऑफिसातली बाई. असला कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी तो आणणाऱ्याला परत धाडलं असतं. “सर, हे पाठवलं तर खातं आजच बंद होईल,” मी कळवळून म्हणाले. सर शांत होते. “बाय, या शिक्क्याला वसईत आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.” मी खाली इंग्रजी तर्जुमा जोडला आणि डोळे मिटून बटण दाबलं.

रोझीमावशीने नऊ दिवसांची नोव्हेना धरली. पलंगाखालच्या गठ्ठ्यांवर उठता-बसता करवादणारी ही बाई त्याच पलंगाला टेकून प्रार्थना करत होती. नऊ दिवस झाले, काही नाही. दहावा गेला. अकराव्या दिवशी, नाताळ अगदी तोंडावर आला असताना, दुपारी मी ऑफिसात डबा उघडत होते तेव्हा मेल आली: अभिनंदन, तुमचं पुस्तक उपलब्ध झालं आहे. मी डबा तसाच टाकला, हाफ डे लिहिला आणि रिक्षा पकडली. इतकं हलकं मला माझ्या प्रमोशनलाही वाटलं नव्हतं. मावशी म्हणाली, “वरचे दोन दिवस त्यांच्या नेटवर्कला लागले असतील.”

सरांनी नाव पाहिलं नाही, मुखपृष्ठ पाहिलं नाही. “अक्षर मोठं कर,” म्हणाले. मी करत गेले. पानावर चारच शब्द उरले तेव्हा त्यांनी हुश्श केलं, खुर्चीत बसले आणि झारखंडला फोन लावला.

त्यांच्या बैठकीत एका नन्‌चा फोटो आहे, तो मी रोज पाहते. सरांची थोरली बहीण, नातालीन. नाताळच्या दिवशी जन्मली म्हणून हे नाव. सतराव्या वर्षी झारखंडच्या कॉन्व्हेंटमध्ये गेली ती तिकडचीच झाली. आता प्रवास झेपत नाही, आणि डोळे जात चाललेत. कॉन्व्हेंटने तिला टॅब दिला होता, त्यात ती अक्षर मोठं करून वाचते. मागे एकदा तिने फोनवर सांगितलं होतं, “पास्कू, या दुकानात सगळ्या भाषा मिळतात रे. आपल्या आईची तेवढी नाही.” हे मला त्या दुपारी मावशीने हळू आवाजात सांगितलं. मला स्वतःची लाज वाटली. नाव भिंतीएवढं करायला निघालेला लेखक म्हणून मी महिनाभर मनात हसत होते.

फोन स्पीकरवर होता. पलीकडे कुणीतरी सिस्टरना पुस्तक काढून दिलं. मग एक म्हातारा आवाज अडखळत वाचू लागला. एक शब्द, थांबा, पुढचा शब्द. मला बोली अर्धीमुर्धीच कळते, पण गोष्ट कोल्ह्याची होती. हळूहळू आवाज मोकळा झाला. मध्येच तो थांबला, आणि सिस्टर फणकारल्या. कोल्हा विहिरीवर कुठे बसला होता? आई सांगायची तो केळी वाळत घातलेल्या मांडवावर! मग पुढची गोष्ट त्यांनी न वाचताच, पाठ असल्यासारखी सांगितली, आणि मध्ये दोनदा रडल्या.

सरांनी फोन ठेवला. मी म्हटलं, “सर, दुरुस्ती करता येते. मांडव घालून पुन्हा पाठवू या का? आता आपल्याकडे दाखला आहे.”

आयुष्यभर जगाच्या चुका काढलेल्या त्या माणसाने लाल पेन खिशाला लावलं.

“राहू दे, बाय,” ते म्हणाले. “ती चूक काढायला तरी तिचा फोन येईल.”