शेवडे काकांचा पार

जानेवारीत चार दिवस शून्याखालची थंडी सोसून पाचव्या दुपारी पारा जरा वर सरकला, की आमच्या इमारतीतल्या आठही घरांच्या बेल एकापाठोपाठ एक वाजतात. दारात शेवडे काका. डोक्याला माकडटोपी, गळ्यात दोरीनं अडकवलेला थर्मामीटर, हातात रिकामी बादली. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "पाच अंश आहे. जमीन सुटलीय. तीनच्या आत पाणी घालायचं." एवढं बोलून बादली माझ्या हातात आणि काका पुढच्या दाराशी.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही इथे जर्मनीत, येना शहरात राहायला आलो, तेव्हा मी त्यांना सरळ वेड्यात काढलं होतं. मी साताऱ्याची, पाणी उन्हाळ्यात घालतात एवढं मला कळतं. तसं म्हटलं तर काका म्हणाले, "गेनाऊ." जर्मन माणूस गेनाऊ म्हणतो तेव्हा त्याला 'अगदी बरोबर' म्हणायचं असतं. काकांना 'तुला काडीचं कळत नाही' असं म्हणायचं असतं. मग दारातच व्याख्यान झालं. पाऊस पलीकडच्या डोंगरांवर अडतो, आपल्या उताराखाली चुनखडीचा दगड, पाणी टिकत म्हणून नाही. वर हा कोरडा वारा. म्हातारं झाड थंडीनं मरत नाही, तहानेनं मरतं, आणि ते मेलंय हे आपल्याला जूनमध्ये कळतं. हे ऐकेपर्यंत माझी फोडणी जळून कोळसा झाली होती.

काका मूळचे पुण्याचे. तीस वर्षांपूर्वी इथे भिंगं घासायच्या कामावर आले आणि इथेच निवृत्त झाले. केसाच्या शंभराव्या भागाएवढी चूक पकडायची सवय लागलेला माणूस रिकामा बसला की काय होतं, ते आमच्या अंगणातल्या झाडांनी भोगलं. दोन अक्रोड आणि एक लिंडे. लिंडे इमारतीपेक्षा जुनी, मी आणि माझा नवरा दोघांनी मिळून मिठी मारली तरी हात पोचायचे नाहीत.

नोव्हेंबर आला की काका तिन्ही खोडांना चुना लावत. त्याचं जर्मनांना नवल नाही, हिवाळ्यातल्या उन्हानं साल फाटू नये म्हणून तेही लावतात. पण काका चुन्यावर गेरूचा पट्टा ओढायचे, आपल्याकडे रस्त्याकडेच्या झाडांना असतो तसा. हा कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, त्याशिवाय झाड आपलं वाटत नाही. इमारत सांभाळणाऱ्या कंपनीचं, म्हणजे हाउसफरवाल्टुंगचं, पत्र आलं. काकांनी चार पानी उत्तर धाडलं. दोन महिन्यांनी परवानगी आली, पट्टा वीस सेंटीमीटरपेक्षा रुंद नसावा अशा अटीवर. काकांनी पट्टी लावून एकोणीस ठेवला आणि पत्र फ्रेम करून जिन्यात टांगलं.

माणसांनाही ते झाडांच्याच हिशेबात बसवत. ऑफिसातल्या साहेबाबद्दल मी एकदा कुरकुरले, तर म्हणाले, "फांदी छाटायची ती झाड झोपेत असताना. फेब्रुवारीच्या आत राजीनामा दे." माझ्या नवऱ्याची कंबर धरली तेव्हा त्याच्या बुटांचं निरीक्षण करून मुळांना जागा नाही असं निदान केलं. वैताग होता नुसता. पण नवे बूट घेतल्यावर कंबर सुटली, हेही खरं.

आता सुमनकाकूंबद्दल सांगायला हवं. काकांची बायको. मूलबाळ नाही. इतकी वर्षं या देशात काढून काकूंचं जर्मन दूध, पाव आणि धन्यवाद यापलीकडे गेलं नव्हतं. काका कामावर, काकू घरात. जिन्यात कुणी भेटलं तर हालो म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं, ही इथली रीत. मी त्यांच्याकडे जायला लागले तेव्हा त्या माझ्याशी इतक्या भरभर बोलायच्या, की कुणी मध्येच बोलणं थांबवील अशी भीती वाटत असावी. मला वाईट वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, कधीकधी मी टाळायचेही.

आम्ही आल्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात काकांनी लिंडेभोवती पार बांधला. चक्क पार. डोंगरउतारावरचे दगड हातगाडीनं आणले, सिमेंट न लावता रचले, आत मांडीभर उंच माती भरली आणि वर फरशा बसवल्या. अर्जात फुलांचा उंच वाफा असं लिहिलं होतं, म्हणून मंजुरी मिळाली. आठवड्याभरात काकू तिथे मटार सोलायला बसू लागल्या. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या फ्राऊ क्राउझे विणकाम घेऊन शेजारी यायच्या. एक मराठीत बोलायची, दुसरी जर्मनमध्ये, आणि दोघींचं तासन्‌तास जमायचं. काकूंना मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदा ऐकलं ते तिथे.

चार उन्हाळे त्या तिथे बसल्या. मग गेल्या. काविळीचं निमित्त झालं आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. त्यानंतर काका पारावर कधी बसले नाहीत आणि काकूंचं नावही त्यांनी काढलं नाही. मी विषय काढला की "गेनाऊ" म्हणायचे आणि सालीवरच्या बुरशीबद्दल सुरू करायचे. मला राग यायचा. माणूस एवढा कोरडा कसा, असं मी घरी येऊन बोलूनही दाखवलं.

दोन वर्षांपूर्वी लिंडेची पानं जुलैतच पिवळी पडायला लागली. शेंडा विरळ झाला. काकांनी बादल्या दुप्पट केल्या. गेल्या सप्टेंबरात कंपनीनं झाडं तपासणारी एक बाई पाठवली. तिनं लाकडी हातोडीनं खोड ठोकून पाहिलं, पाराची एक फरशी उचलली, माती उकरली, आणि वास घेऊन मान हलवली. खोडाचं बूड मातीत गाडलं गेलंय, साल कुजलीय, मुळांना हवा नाही. हे कुणी केलं, असं तिनं विचारलं. आम्ही सगळे खाली उभे होतो. पार आधीपासूनच होता असं ठोकून द्यावं, म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात काका स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाले, मी.

तिचं म्हणणं सरळ होतं. पार काढा, बूड मोकळं करा. जानेवारीत यंत्र लावून मोजू. खोडात जोर असेल तर राहू देऊ, नाहीतर फेब्रुवारी संपायच्या आत पाडावं लागेल, खालून मुलं जातात.

लोखंड लागून साल दुखावेल म्हणून काका लाकडी उलथन्यानं माती काढत होते. दोन आठवडे, रोज. एका शनिवारी मी मदतीला बसले. खालची साल काळी आणि भिजल्या पुठ्ठ्यासारखी मऊ झाली होती. बोट लावलं तर आत जात होतं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, काका, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता, तुम्हाला हे कसं नाही कळलं?

"कळलं होतं," काका म्हणाले.

"कधी?"

"बांधला त्याच्या पुढच्या वर्षी. पानं बारीक आली तेव्हाच."

म्हणजे ते जानेवारीतलं पाणी, त्या दुप्पट बादल्या, सगळं ठाऊक असून चाललं होतं. मी चिडलेच. तेव्हाच काढला असता तर झाड वाचलं असतं, असं तोंडावर म्हटलं.

"वाचलं असतं," काका म्हणाले. हातातलं उलथनं थांबलं नाही. "आणि ती पुन्हा घरात जाऊन बसली असती. एवढ्या वर्षांत तिला इथे बसायला मी एक जागा दिली गं. एकच. ती कशी काढून घेऊ? आणि ती गेल्यावर मला हात लावायचा धीर झाला नाही. पुन्हा वेळ आली तरी मी पारच बांधीन. झाडापुढे हे बोलायची लाज वाटते, पण बांधीन."

मी हातानंच माती ओढायला लागले.

जानेवारीत यंत्र लावलं. आकडे वाईट आले. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी आठला करवतीवाले आले. काका खाली उतरले नाहीत. मी ऑफिसला कळवून त्यांच्याकडे गेले, दोन कप चहा केला, आणि आम्ही खिडकीकडे पाठ करून बसलो. पहिली करवत सुरू झाली तसे काका बोलू लागले. सुमनला मटारातले कोवळे दाणे कच्चेच खायची सवय होती, निम्मे भांड्यात पडायचेच नाहीत, असं काहीतरी. मग लग्नातलं, मग विमानात ती पहिल्यांदा घाबरली ते. चहा निवला. दुपारी करवती थांबल्या, माणसं निघून गेली, तरी काका काकूंबद्दल बोलतच होते, आणि मी त्यांना थांबवलं नाही.