भीमराव मिस्त्रीची हळू जीप

घोणस चावून माझा पाय मांडीपर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि भीमराव मिस्त्रीची जीप अंथुर्ण्याच्या पाणंदीत म्हशीच्या चालीनं चिखल तुडवत होती. डांबरी रस्त्यावर उसाची ट्रॉली उलटली होती, म्हणून ही शेतातली आडवाट. दवाखाना बारामतीत.

"मिस्त्री, उतरून ढकलू का?" बांधावरून कुणीतरी विचारलं.

"तू चालत पुढं जा आन् डाक्टरला सांग, आक्का येत्यात."

मी मरत होते, तरी मला त्याचा राग आला.

भीमराव माझा शेजारी. इंजिनं दुरुस्त करतो. लग्नाला गेला तरी वऱ्हाडाच्या गाडीचं बॉनेट उघडून नवरदेवाला ताटकळत ठेवतो. बोलणं एकच, "वाल किती येळ उघडा ऱ्हातो, ते बघा." इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा दांडा फिरतो. त्याच्यावरचे उंचवटे वाल, म्हणजे झडपा, उघडतात. उंचवटे मोठे केले की गाडी वेगात जोर धरते, पण हळू चालताना दम सोडते आणि पेट्रोल जास्त पिते. लहान ठेवले की फार पळत नाही, पण हळू ओढते आणि कमी पिते. मी चौथी शिकलेली. ऐकून ऐकून पाठ झालं.

त्याच्या जीपला सायकलवाले मागं टाकतात. लोक हसतात.

दुकानात खिळ्याला त्यानं एक जुना कॅमशाफ्ट टांगलाय. दर रविवारी त्याला तेल लावतो.

"भंगारात घाल की," मी एकदा म्हणाले.

"गंजला तर मी इसरीन, आक्का."

काय विसरशील, ते मी विचारलं नाही. डोकं फिरलंय, असं धरून चालले.

पाणंदीच्या मध्यावर चाकं रुतली. इंजिन घुरघुरलं, पण बंद पडलं नाही. भीमराव मागं न बघता बोलला.

"हितंच बंद पडली हुती. तवा लई पळायची. त्यो खिळ्यावरचा मोठ्या उंचवट्यांचा दांडा मीच घातला हुता, हौसंनं. चालू करायचो, क्लच सोडला की बंद. सुशीला मागं हुती, तुमी बसलाय तितंच."

सुशीला त्याची बायको. बाळंतपणाला नेताना वाटेत गेली, एवढं गावाला ठाऊक होतं. जीप का थांबली, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

चाकं हळूहळू वर आली. आम्ही बारामतीला पोचलो.

सुशीला पंचविशीची होती. ती आणि पोटातलं बाळ त्या पाणंदीत गेली. मी सत्तरी ओलांडलेली. मी वाचले.