ताटावरचा खटला

आमच्या अमरावतीच्या गल्लीत रोज दुपारी बाराला खटला उभा राहायचा. आरोपी कधी बटाटा, कधी केळं, आणि एकदा तर बिचारा साधा भात. "भाऽऽत हाजिर हो!" अशी आरोळी शेजारून उठली की थेट बडनेऱ्यापर्यंतची कबुतरं उडायची. एकदा स्टेशनात उभी असलेली मालगाडी ती आरोळी ऐकून सिग्नल नसताना निघाली, असं लोक सांगतात. मी त्यात थोडी भर घातली आहे, पण फार नाही.

आरोळी वामनराव काकाजींची. सारा जन्म त्यांनी अकोल्याच्या कोर्टात पुकारा करण्यात घालवला. न्यायाधीश बदलले, वकील म्हातारे झाले, आवाज तोच. निवृत्त होऊन ते अमरावतीला आले आणि पंचाईत झाली. पुकारावं कुणाला? तेवढ्यात काकूंना शुगर निघाली आणि काकाजींना पुन्हा नोकरी लागली.

डॉक्टरनं एवढंच सांगितलं होतं, की गोड कमी करा, वेळेवर जेवा, भात बेताचा घ्या. काकाजींनी त्याचा कायदा केला. बटाटा तडीपार. गूळ फरार. पुरणपोळी सराईत गुन्हेगार, तिला जामीन नाही. साबुदाणा फितूर साक्षीदार: "दिसते उपासाचा, काम करते दुश्मनाचं!" आंब्याला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी एका फोडीपुरता पॅरोल. रक्ताचा रिपोर्ट म्हणजे निकाल. आकडा वाढलेला असला की काकाजी तो कागद हवेत हलवत अंगणात यायचे आणि साऱ्या गल्लीला ऐकवायचे, "अपील फेटाळलं! आमच्या घरात चोर हाये!"

घरात माणसं दोनच. त्यातला चोर कोण, हे ओळखायला गल्लीला वकील लागत नव्हता.

न्यायाला जागून सांगतो, ते स्वतः तेच खायचे. काकूंच्या ताटात कारलं, तर यांच्याही ताटात कारलं. चहा बिनसाखरेचा तर दोघांचाही. गल्लीनं धरून चाललं होतं की शुगर दोघांनाही आहे.

एकदा मी त्यांच्याकडे पेपर मागायला गेलो. काकू भिंतीला टेकून उभ्या, पदराला सीताफळाचा गर लागलेला. समोर काकाजी.

"खाल्लं का नाही? हाव का नाही, तेवढंच सांग."

"अवो, सडून चाललं होतं. दोन डोळे खाल्ले."

"दोन! विलास, आरोपीची कबुली नोंदव!"

मी हातातल्या पेपरावर बोटानं लिहिल्यासारखं केलं आणि म्हणालो, "नोंदवली, साहेब!" काकाजी खदखदून हसले, मीही हसलो. काकूही हसल्या, असं मला तेव्हा वाटलं. हा किस्सा मी पुढे निदान पन्नास ठिकाणी सांगितला, आणि प्रत्येक ठिकाणी सीताफळाचे डोळे वाढवत नेले.

मग मूर्तिजापूरचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आलं. काकूंच्या भाचीचं. मीही सोबत होतो. काकूंनी सकाळी शुगरची गोळी घेतली होती. जेवण अकराचं होतं. पण नवऱ्या मुलाकडची मंडळीच दोनला उगवली. वऱ्हाडात अकराचं जेवण म्हणजे त्या दिवशी मिळेल, एवढाच अर्थ. काकू खुर्चीत बसून होत्या. कुणीतरी मंडपातून साखरेच्या पुड्या वाटत गेलं. काकूंनाही एक मिळाली. त्यांना घाम फुटला होता, हात थरथरत होते. दोन खुर्च्या सोडून काकाजी बसले होते आणि भाचीच्या सासऱ्याला सांगत होते, "आमच्या घरात साखर म्हंजे तीनशे दोन!" सासरे हसत होते.

काकू खुर्चीतून कलंडल्या, तेव्हा पुडी मुठीत तशीच होती. दोरासुद्धा सोडलेला नव्हता.

नात्यातली एक नर्स धावली. काकू शुद्धीवर होत्या म्हणून बरं. तिनं तीच पुडी फोडली, पाण्यात साखर कालवून घोटघोट पाजली, आणि आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. तिथली तरुण डॉक्टरीण चिडली.

"आजी, शुगर इतकी खाली गेली होती आणि साखर तर तुमच्या हातात होती! तोंडात कावून नाही टाकली?"

काकू छताकडे पाहत म्हणाल्या, "दोनशे लोकायसमोर यायनं पुकारा केला असता, तं मी तोंड कुठं लपवलं असतं?"

डॉक्टरीण काकाजींकडे वळली. "तुम्हालाही शुगर आहे म्हणतात. कोणती गोळी चालू आहे?"

काकूच म्हणाल्या, "यायले काय धाड भरली? यायले शुगर-गिगर काही नाही. मले एकटीले कारलं खा लागू नये म्हनून इतके वर्सं हेबी खाऊन राहिले."

मी काकाजींकडे पाहिलं. चोरीचा माल सापडल्यासारखी त्यांची मान खाली गेली होती.

"सोबत केली, हे मी नाही म्हनत नाही," काकू म्हणाल्या. "पन कारलं तं गिळता येते, बाप्पा. बोलनं कुठं गिळू?"

मूर्तिजापूरहून परतलो, त्या दिवसापासून काकाजींचा पुकारा बंद. बाराच्या आरोळीवर घड्याळ लावणाऱ्या आमच्या गल्लीचं जेवण अडीचवर गेलं. पहिले चार दिवस बरं वाटलं, मग माझ्याच जिवाला चैन पडेना. भर दुपारी मी त्यांच्याकडे गेलो.

स्वयंपाक काकाजींनीच केला होता. भाकर नकाशासारखी, मेथी थोडी करपलेली, वाटीत दोन चमचे भात. ताट काकूंसमोर ठेवून ते उकिडवे बसले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. जन्मभर साऱ्या कोर्टाला ऐकू जाईल असं बोललेला माणूस. पण ताटासमोर बोलायचे त्याच्याजवळचे सगळे शब्द कोर्टातले, आणि ते तर मूर्तिजापुरात संपले होते.

काकूंनी पहिला घास खाल्ला. दुसरा मोडला.

काकाजी जमिनीकडे पाहत, मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "आवडलं का?"

काकूंचा हात थांबला; असा प्रश्न त्या ताटावर पहिल्यांदाच आला होता. त्यांनी दाराशी बसलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"विलास," त्या म्हणाल्या, "तुले विचारून राहिले."

माझ्यापुढे ताट नव्हतं.