सीपीयू वरच्या मजल्यावर गेला!

उपासतापासांनी माणूस निर्मळ होतो, हे मी स्वतःवरून सांगते. सोमवारी अळणी खाते, शनिवारी तेल विकत आणत नाही, एकादशी तर पाण्यावर काढते. त्यामुळे राग, लोभ, मत्सर ही मंडळी माझ्या उंबऱ्यावरूनच परत फिरतात! म्हणूनच वरच्या मजल्यावरच्या तृप्तीनं नवा कंप्यूटर घेतला तेव्हा मला काहीसुद्धा वाटलं नाही. उपास नसताना दोन दिवस जेवण गेलं नाही, इतकंच.

तिचा नवरा अमित एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला. वीज घरचीच असल्यासारखे दिवे लावलेत त्या कंप्यूटरला! आतले पंखे निळे, मग जांभळे, मग हिरवे. कीबोर्डवर बोट ठेवलं की रंग पळतात. स्क्रीन तर एवढा मोठा, की त्यावर पोळ्या लाटाव्यात! बटण दाबलं की लगेच हजर.

आणि आमचा? बटण दाबून मी तुळशीला पाणी घालते, प्रदक्षिणा घालते, स्तोत्र म्हणून परत येते, तरी स्क्रीनवरचं ते गोल चक्र फिरतच असतं. माझ्यापेक्षा जास्त प्रदक्षिणा त्याच्याच होतात!

हेही मी सोसलं असतं. पण आमच्या महिला मंडळाची व्रतकथांची पुस्तिका दरवर्षी मीच कंप्यूटरवर तयार करते. टाइप करायचं, वेलबुट्टी लावायची, पानं जुळवायची. यंदा मंडळाच्या अध्यक्ष अक्काबाई म्हणाल्या, "वहिनी, तुमचा कंप्यूटर आता थकला हो. पुस्तिका तृप्तीकडे देऊ या का? गुरुवारी येते, तुमची नमुन्याची पानं बघते, मग ठरवते."

तृप्तीकडे! जिला सोळा सोमवार आणि साधा सोमवार यातला फरक कालपरवा कळला!

मी त्याच दिवशी ठरवलं. कंप्यूटर पळवायचा! आमच्या ह्यांनी ओळखीच्या धम्मपालला फोन लावला. त्याचं नाशिकरोडला दुरुस्तीचं दुकान आहे. "एखाददुसरा पार्ट बदलून भागव रे," हे म्हणाले. तो म्हणाला, "बुधवारी येतो काका, पार्ट घेऊनच येतो."

आला गुरुवारी!

आता माझी अडचण ऐका. या श्रावणापासून मी गुरुवारचं मौन धरलंय. उठल्यापासून संध्याकाळी देवाजवळ दिवा लागेपर्यंत एक शब्द नाही. लिहून सांगणं म्हणजे पळवाट, असं आमच्या गुरुजींनी बजावलेलं. आणि व्रताचा गवगवा केला की पुण्य झिजतं, म्हणून ह्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. हे सकाळीच चांदवडला चुलतभावाची नवी कांदाचाळ बघायला गेलेले.

"काय काकू, घसा बसला का?" धम्मपालनं विचारलं.

मी मान डोलावली. मौनात एवढंसं खोटं चालतं का, हे गुरुजींना विचारायचं राहूनच गेलं होतं.

त्यानं सीपीयूचा डबा उघडला. आतून एवढी धूळ निघाली, की मला वाटलं, अंगाराच प्रकटला!

"हे बघा काकू. मेमरी वाढवता येईल. नाहीतर ही जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकू, खरा वेग तिथंच आहे. प्रोसेसरच्या नादी लागू नका, तो बदलायचा तर मदरबोर्डही बदलावा लागेल."

म्हणजे समई बदलायला देवघर पाडायचं! तेवढं मला कळलं. पण खरं सांगू? आत काय घालायचं याच्याशी मला देणंघेणंच नव्हतं. मला ते रंगीत पंखे हवे होते! तृप्तीला जिन्यातून येता-जाता आमची खिडकी दिसते. त्या खिडकीतून तिला निळा, जांभळा, हिरवा उजेड दिसायला हवा होता!

म्हणून मी छताकडे बोट दाखवलं. अर्थ सरळ होता: वर आहे तसा कर.

धम्मपाल वर बघत राहिला. "देवावर सोडताय?"

मी जोरजोरात मान हलवली आणि पुन्हा बोट वर केलं.

"हां हां! वरच्या तृप्तीताईंना विचारू म्हणता? बरोबर आहे, त्यांना यातलं कळतं. आणि तुमच्या जुन्या डिस्कची कॉपीही त्यांच्या मशीनवर पटकन होईल!"

मी घाबरून दोन्ही हात जोडले. थांब बाबा, एवढंच म्हणायचं होतं! तो म्हणाला, "अहो काकू, पाया काय पडताय, लेकासारखा आहे मी!" आणि माझा सीपीयू बाळासारखा काखोटीला मारून जिना चढलासुद्धा!

मी मागोमाग. पायांत चप्पल नाही, हातात जपमाळ तशीच!

तृप्तीनं दार उघडलं. तिचा तो गोड चेहरा! गोड माणसांचा मला राग येत नाही. फक्त दाढ दुखते.

"काकूंचा घसा गेलाय," धम्मपालनं जाहीर केलं. "काय बदलायचं ते तुम्ही ठरवा म्हणताहेत."

"अगंबाई! काकू, एवढा विश्वास माझ्यावर?" तृप्तीचे डोळे भरून आले. मी दोन्ही हात हलवून नाही नाही केलं. "नको नको, आभार नका मानू काकू!" म्हणत तिनं माझे हात हातात घेतले. संपलं! आता खुणा करायलाही हात उरले नाहीत!

"दादा, एसएसडी टाका आणि मेमरी दुप्पट करा. दिवेबिवे काही नको हं, काकूंना असला भपका आवडत नाही."

मला भपका आवडत नाही! हे परस्पर ठरवलं कुणी?

धम्मपालनं माझी जुनी डिस्क तिच्या कंप्यूटरला जोडली आणि सगळं नव्या एसएसडीवर उतरवायला घेतलं. "आलंय का बघा," म्हणत तृप्तीनं माझी पुस्तिका उघडली. माझी वेलबुट्टी त्या स्क्रीनवर अशी काही उमलली, की माझं मलाच भरून आलं. आणि नेमक्या त्याच क्षणी अक्काबाई आत!

"खाली दार सताड उघडं, घरात कुणी नाही, म्हटलं इथंच असाल. अगं बाई! तृप्ती, काय सुरेख पानं केलीस गं!"

"अहो अक्काबाई, ती..."

"काही बोलू नकोस! यंदाची पुस्तिका तुझीच! वहिनी, तुमचं काय म्हणणं?"

माझं म्हणणं? माझं म्हणणं गळ्यापर्यंत येऊन टाचा उंचावून उभं होतं! मी छातीवर हात आपटला. मी! मी केलंय! पुन्हा आपटला.

"छातीत दुखतंय?" अक्काबाई किंचाळल्या.

"सकाळपासून घसा गेलाय त्यांचा," धम्मपाल घाबरला.

"आधी घसा, मग छाती! झोपवा यांना!"

मी नाही नाही म्हणून मान हलवली, तर "बघा, मान पण लटलटायला लागली!" मला दिवाणावर आडवं केलं. तृप्ती तळपाय चोळू लागली. अक्काबाईंनी ओव्याची पुरचुंडी मागवली. धम्मपाल रिक्षा आणायला धावला. मी उठायला बघितलं की अक्काबाई खांदे दाबायच्या. "पडून राहा! आमच्या मावससासूबाई अशाच उठायला गेल्या होत्या!" पुढं त्यांचं काय झालं, ते सांगितलं नाही.

रिक्षा दाराशी लागली आणि त्याच वेळी हे चांदवडहून परतले. वर येऊन बघतात तो बायको आडवी, कपाळाला बाम, तोंडात ओवा!

"अहो, हिला काही झालेलं नाही! आज गुरुवार, हिचं मौन आहे!"

अक्काबाई माझ्यावरच कडाडल्या, "मग तसं सांगायचं नाही का, वहिनी!"

तेव्हा तृप्ती हळूच म्हणाली, "अक्काबाई, तुम्ही मघाशी बोलूच दिलं नाहीत. ही पानं काकूंचीच आहेत. मला यातली एक वेलही जमणार नाही."

खरं सांगते, ती खोटं बोलली असती तर मला फार बरं वाटलं असतं! मनसोक्त हेवा करता आला असता. आता चांगुलपणातही तीच पुढं!

पण पुस्तिका माझ्याकडेच राहिली. कंप्यूटर तर असा झालाय, की बटण दाबून वळेपर्यंत सुरू! मी देवासमोर साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी अक्काबाईंचा फोन आला. "वहिनी, पुस्तिकेचं प्रकाशन पुढच्या गुरुवारी, संध्याकाळी पाचला. तुमचं मौन, म्हणून बोलायचं सगळं तृप्तीकडे दिलंय. ती माईकवर पुस्तिकेची माहिती सांगेल. तुम्ही व्यासपीठावर बसा, नुसतं हसतमुख!"

माझ्या पुस्तिकेवर तृप्ती बोलणार! माईकवर! नव्या पैठणीत! आणि मी शेजारी बाहुलीसारखी!

मी लगेच गुरुजींना फोन लावला. "गुरुजी, पुढच्या आठवड्यापुरतं मौन बुधवारी धरलं तर चालेल का?"

"चालेल की," गुरुजी म्हणाले. "पण कारण काय?"

त्या दिवशी शुक्रवार होता. तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही!