वाघमारे पास झाले

आमच्या शेजारचे वाघमारे खुर्चीतून उठण्याआधी स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवतात. टण टण. मग उठतात. चालताना थांबायचं असलं तर काठी जमिनीवर एकदाच आपटतात. जन्मभर खोपटच्या डेपोत एसटीचे कंडक्टर होते. दोन घंट्या म्हणजे गाडी सोडा, एक म्हणजे थांबा. आता गाडी नाही, ड्रायव्हर नाही, साखरेच्या आजाराने डोळेही गेले, पण घंटी चालू आहे. एकदा मी त्यांच्याकडे गप्पा मारत जरा जास्त बसले, तर माझ्याकडे तोंड करून त्यांनी पेला दोनदा वाजवला. त्यानंतर बरेच दिवस मी तिकडे फिरकले नाही.

आम्ही डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला राहतो, दारासमोर दार. वाघमारेंची बायको गेली, मुलगा नाशिकला. मुलाने फोनवर साफ सांगितलं, आंधळ्या माणसाने एकट्याने गॅसशी खेळायचं नाही. जमत नसेल तर घर बंद करून इकडच्या वृद्धाश्रमात नाव घालतो. वाघमारे म्हणाले, "माझा शेवटचा स्टॉप हाच. मधे कुठे उतरणार नाही." मग मुलानेच एक संस्था शोधून काढली. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना आपापल्या घरी एकटं राहता यावं म्हणून ती मदत करते.

मला हे काही कळेना. एकटं राहायचं तर मदतीला माणूस कशाला? आणि माणूस ठेवला तर एकटं कसलं? वाघमारेंना विचारलं. ते म्हणाले, "शिकाऊ गाडी असते ना वहिनी, तसं. शिकवणारा शेजारी बसतो, स्टिअरिंग आपल्या हातात." मला गाडी कळत नाही, त्यामुळे मी होते तिथेच राहिले.

संस्थेकडून सुनंदा यायला लागली. विठ्ठलवाडीची, चाळिशीची, तोंडाने गोड आणि शिस्तीला कडक. मला वाटलं, आली की झाडू हातात घेईल. ती स्टुलावर बसली आणि वाघमारेंना म्हणाली, "काका, झाडू कुठे आहे ते तुम्हीच शोधा." मी दारातून बघत होते. आंधळा म्हातारा भिंत चाचपत फिरतोय आणि पगारी बाई बसून आहे. मी विचारलं, तुला बसायचे पैसे मिळतात का गं? ती हसली. "हो आजी. उठले तर संस्थेच्या मॅडम ओरडतात."

पण शिकवलं तिने. डब्यांना रबर लावले, साखरेला एक, मिठाला दोन. वाघमारे खूश. म्हणाले, साखर सिंगल, मीठ डबल. एकदा घाईत चहात डबल पडलं. तो चहा मी प्यायले आणि कसा झालाय ते तोंडावर सांगितलं.

दुपारी एकला त्यांचं जेवण. नोकरीतली वेळ, मिनिट इकडे-तिकडे नाही. सुनंदाही आपला डबा तिथेच उघडायची. वाघमारे तिला खोपटपासून पुढचे एकेक थांबे सांगायचे, कुठे कोण चढायचं, कोण भांडायचं, आणि ती मधेमधे म्हणायची, काका, घास घ्या.

एक दिवस तिने सांगितलं, गुरुवारी मॅडम येणार, तुमचं कसं चाललंय ते बघायला. वाघमारेंच्या डोक्यात एकच शब्द शिरला, चेकिंग. एसटीत तपासणीवाले मधेच कुठेतरी गाडीत चढतात, तेव्हा कंडक्टरचं सगळं चोख लागतं. सुनंदाने परोपरीने समजावलं, की ही तसली तपासणी नाही, जे जमत नाही तेच मॅडमना सांगायचं, त्यावरून पुढची मदत ठरते. वाघमारे म्हणाले, "चेकिंगला कोणी कमी दाखवतं का? वेडी आहेस." मला त्यांचंच पटलं. नापास झाले की नाशिक, एवढं मला कळत होतं.

मग आम्ही तालीम केली. मी मॅडम झाले. खुर्चीत ताठ बसून मी विचारायची, काका, चहा येतो का? आणि ते करून दाखवायचे. त्या दुपारी मला इतका चहा प्यावा लागला, की पुढचा प्रश्न मी शर्टाच्या बटणांचा काढला.

गुरुवारी मॅडम आल्या. वयाने लहान, पण टापटीप. त्यांनी विचारायच्या आतच वाघमारेंनी चहा केला, थेंब सांडला नाही. औषधं ओळखून दाखवली. मुलाला फोन लावून दाखवला. मॅडमनी विचारलं, काही अडचण? नाही. एकटं वाटतं का? "नाही मॅडम, सगळं बरोबर आहे." मॅडमना फार आनंद झाला. म्हणाल्या, काका आता तयार झाले. दुसऱ्या एका आजींचं खुब्याचं हाड मोडलंय, सोमवारपासून सुनंदा त्यांच्याकडे जाईल.

सुनंदा खाली बघत होती. मी विचारलं, म्हणजे हे पास की नापास? मॅडम म्हणाल्या, पास. पास झाल्यावर बाई काढून घेतात, अशी परीक्षा मी पहिल्यांदाच बघितली.

नाशिकचा विषय संपला. वाघमारेंनी खूश व्हायला हवं होतं. पण त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कबुतरं वाढली. बघितलं तर कुकरमधला सगळा भात तिथे. विचारलं तर म्हणाले, भूक नाही. साखरेचा आजार, त्यात उपास. एक दिवस चक्कर येऊन चौकटीवर आपटले. मग मी बोलले. म्हटलं, त्या मॅडमना फोन लावा आणि काहीतरी जमत नाही म्हणून सांगा.

"काय सांगू? सगळं येतं मला."

बटणं लावता येत नाहीत असं सांगा, म्हटलं. ते म्हणाले, खोटं बोलणार नाही. पण फोन लावला. मॅडमचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. त्यांनी विचारलं, काका, काय जमत नाहीये? मी समोर उभी राहून बटणं लावायच्या खुणा करत होते, आंधळ्या माणसाला.

शेवटी वाघमारे म्हणाले, "मॅडम, एकट्याला जेवण जात नाही."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, काका, हे तेव्हाच सांगायचं होतं, यासाठीही आमचं माणूस येतं. वाघमारे म्हणाले, "तेव्हा चेकिंग चालू होतं." ठरलं ते असं, की सुनंदा दर मंगळवारी जेवायच्या वेळेला येईल. सोबतीलाही सर्व्हिस म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं.

बाकीच्या दिवसांचं कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी माझं ताट घेऊन समोर गेले. मी अकराला जेवणारी बाई. एकपर्यंत थांबले की मला पित्त होतं, आणि हे मी त्यांना पहिल्याच घासाला सांगितलं.

ते थोडा वेळ भात चिवडत राहिले. मग म्हणाले, "उद्यापासून बाराला बसू, वहिनी."