परदेशी गठ्ठ्यातला निबंध

सूनबाई आंघोळ करून बाहेर आली, तेव्हा जेवणाच्या टेबलावर नुसतं टेबलच उरलं होतं.

रात्री तिथं दोन गठ्ठे होते. देशाबद्दल देशातल्या अभ्यासकांनी लिहिलेले निबंध निळ्या क्लिपांमध्ये, परदेशी अभ्यासकांनी लिहिलेले पिवळ्या क्लिपांमध्ये. घरचे काय लिहितात आणि बाहेरचे काय, हाच तिच्या पीएचडीचा विषय. मोठ्या नावांचं दडपण नको म्हणून प्रत्येक निबंधावरचं नाव तिनं कात्रीनं कापून टाकलं होतं. आता सगळे निबंध खुर्चीवर एकाच चळतीत नीट रचलेले होते आणि क्लिपा बाहेर दोरीवर सासऱ्यांचे बनियन धरून होत्या.

"वारं फार सुटलं होतं गं," सासूबाई ओशाळून म्हणाल्या. "कागद घरातच राहिले असते, कपडे गेले असते."

त्याच सकाळी समितीसमोर सादरीकरण होतं. ते फसलं तर वर्ष वाया. कुठला निबंध कुणाचा, ही यादी विभागातल्या संगणकात होती, पण पडद्यावर दाखवायचे उतारे घरूनच निवडून न्यायचे होते. सुनेचा चेहरा पाहून सासूबाईंनी चष्मा लावला, सासऱ्यांनी वर्तमानपत्र बाजूला सारलं आणि अख्खं घर संशोधनाला बसलं.

पहिल्या निबंधात चूल कुठं, पाणी किती लांब, याची बारीक चौकशी होती. "हा पाहुणा," सासरे म्हणाले. "आपला माणूस असलं विचारत नाही. त्याला पाणी भरावं लागतं."

दुसऱ्यात ओळीआड कुणा ना कुणा परदेशी पंडिताचा दाखला होता. "हा आपला," सासूबाई म्हणाल्या. "घरच्याचं घरात कोण ऐकतं? बाहेरची साक्ष काढावी लागते."

सून रडता रडता हसली. एका निबंधात मात्र 'इथला सामान्य माणूस हे एक गूढ आहे' असं वाक्य निघालं. यानं आपल्यातला एकही माणूस जवळून पाहिलेला नाही, असं म्हणत सासऱ्यांनी तो परदेशी गठ्ठ्यात टाकला.

तेच वाक्य सादरीकरणात 'परदेशी दृष्टी' या मथळ्याखाली झळकलं आणि तिचे मार्गदर्शक सर खुर्चीत ताठ झाले. आता सुनेच्या लक्षात आलं. वाक्य सरांचं होतं. तिनं गठ्ठे मिसळल्याची सगळी हकिकत खाली मान घालून सांगून टाकली.

सरांनी चष्मा काढून पुसला. "नाव कापलेलं होतं?"

"हो, सर."

"आणि वाचून परदेशी वाटलं?"

"हो, सर."

सरांचा आवाज एकदम मऊ झाला. आपलं काम परदेशी तोडीचं आहे, असं ते इतकी वर्षं सांगत होते, आज प्रथमच कुणाला ते न सांगता कळलं होतं. गठ्ठे दुरुस्त करा आणि पुढं चला, असं त्यांनीच समितीच्या वतीनं जाहीर केलं. वर्ष वाचलं.

बाहेर व्हरांड्यात समितीतल्या कडक मॅडमनी तिला बाजूला घेतलं. इकडंतिकडं पाहून हळूच विचारलं, "माझाही एक निबंध असेल त्यात. तो कुठल्या गठ्ठ्यात गेला?"

"सांगते मॅडम," सून नम्रपणे म्हणाली, "घरी विचारून."